कोणी काही विचारलं नव्हतं

अकरा नंबरच्या बाईने पाटी वाचली आणि ती मटकन खाली बसली.

"कसं कळलं हो?" ती रडत रडत विचारत होती. "मी एक अक्षर बोलले नाही. कसं कळलं?"

बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्याचं ते गोदाम माणसांनी खचाखच भरलेलं. बाकांवर माणसं, खिडकीत माणसं, भिंतीला टेकून माणसं. समोर चौथऱ्यावर पांढऱ्या साडीतल्या माई बसलेल्या. माई बोलत नाहीत. अकरा वर्षं मौन. समोर आलेल्या माणसाकडे बघतात, फडक्यात गुंडाळून आणलेली स्वच्छ पाटी हातात घेतात, पुसतात आणि त्याच्या काळजातलं दुःख तिच्यावर लिहून देतात. वर उपायही लिहितात. बहुतेक उपाय एकच असतो: पाटी धुतलेलं पाणी. ते बाटलीत भरून बाहेर मिळतं.

चौथऱ्याच्या कडेला माइक धरून उभा असलेला तो माणूस, त्याला सगळे भोंगाच म्हणायचे, गरजला, "डॉक्टर विचारतो, कुठे दुखतं? वकील विचारतो, काय झालं? पोलीस विचारतो, कुठे होतास? विचारतो कोण? ज्याला माहीत नसतं तो! माई विचारतात का?"

"नाही!" अख्खं गोदाम ओरडलं.

"माई जाणतात!"

मी शेवटच्या बाकावर दात-ओठ खात बसले होते. कारण विचारणं हाच माझा धंदा. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. त्यातही माणसांकडून माहिती कशी काढायची, कुठल्या पद्धतीने काय हाती लागतं आणि काय निसटतं, हे शिकवते. पण त्या दिवशी मी तिथे शिकवणारी बाई म्हणून गेले नव्हते. माझ्या ताईसाठी गेले होते.

ताई शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवते. लहानपणापासून तिला फिट येतात. रोजची गोळी घेतली की काही होत नाही. गेली नऊ वर्षं झालंही नव्हतं. मग एक दिवस तिच्या शेजारच्या मशीनवर काजं करणारीचा फोन आला. तिला कारखान्यात सगळ्या काजवालीच म्हणतात. म्हणाली, "तुमची ताई मशीनवरच पडली. सुई बोटातून आरपार गेली. आणि बाई, तिने गोळ्या सोडल्यात. अडीच महिने झाले."

मी धावत गेले. ताई बोटाला पट्टी बांधून भाजी निवडत होती.

"ताई, वेड लागलंय का तुला? गोळ्या का सोडल्यास?"

तिने भाजीची पुढची जुडी सोडली. मग म्हणाली, "गोळी घेतली की ते लांब जातं."

"कोण लांब जातं?"

"बाळ."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, तिला सातव्या महिन्यात मुलगी झाली होती. दोन तास जगली. ताई आणि भावजी तेव्हा लांब दुसऱ्या शहरात होते. घरी त्यांनी कुणाला कळवलंच नाही. आणि माईंनी पाटीवर लिहिलं होतं: "दोन तासांची तुझी लेक तुला बिलगायला येते. ती बिलगते तेव्हा तू थरथरतेस. गोळी तिला हाकलते."

फिट म्हणजे मेलेल्या लेकीची मिठी! असलं काही लिहिताना त्या बाईचा हात कसा झडला नाही?

"ताई, ती बाई लबाड आहे."

"असेल. मग तिला कसं कळलं ते सांग." ताईने निवडलेली भाजी बाजूला सारली. "हे तुलासुद्धा माहीत नव्हतं, बारके. ह्यांना आणि मला, दोघांनाच माहीत. हे तर मेले तरी बोलणार नाहीत. मी कुणाला सांगितलं नाही आणि तिथे मला कोणी काही विचारलं नाही. तू एवढी शिकलीस ना? शोधून दाखव. दाखवलंस तर त्या क्षणी गोळी घेते."

"आणि तोवर?"

"तोवर नाही."

म्हणजे माझ्या हातात दिवस मोजकेच होते. डॉक्टर म्हणाले, पुढची फिट मशीनवर येईल, जिन्यावर येईल, नाहीतर झोपेत येईल आणि थांबणारच नाही. ताईशी भांडून उपयोग नव्हता. मी माझं ठेवणीतलं हत्यार बाहेर काढलं.

माझ्या एका विद्यार्थिनीला, सगळे तिला चष्मिश म्हणतात, प्रबंधासाठी विषय हवाच होता: एकाच गोष्टीचा तीन पद्धतींनी अभ्यास करायचा आणि तुलना करायची. समोरासमोर मुलाखत, गटात चर्चा आणि आपण स्वतः तिथे बसून निरीक्षण. तिला म्हटलं, "चल. माईच धरू."

आधी मुलाखती. माईंकडे जाऊन आलेल्या बावीस जणांशी आम्ही एकेकट्याला गाठून बोललो. मी मोठ्या हुशारीने प्रश्न काढला होता: "तिथे तुम्हाला कोणी काही विचारलं का?"

बावीसच्या बावीस जण म्हणाले, नाही. कोणी काही विचारलं नाही. माणसं प्रामाणिक होती, डोळ्याला डोळा भिडवून सांगत होती. चष्मिशचं तोंड उतरलं. "मॅडम, हे तर माईंचंच प्रमाणपत्र झालं."

मग गटचर्चा. त्यांच्यातल्याच नऊ जणांना आमच्या वर्गात गोल बसवलं, चहा दिला. पहिली बाई म्हणाली, माईंनी बघता बघता लिहिलं. दुसरी म्हणाली, न बघताच लिहिलं. चौथ्यापर्यंत आलो तेव्हा माईंनी डोळे मिटले होते आणि सहाव्याच्या वेळी तर पाटीवर अक्षरं आपोआप उमटली! निवृत्त बसचालक होते एक, ते हळूच म्हणाले, "माझ्या पाटीवर जरा वेगळंच आलं होतं." आठ माना गर्रकन वळल्या. चालकसाहेबांनी चहाचा घोट घेतला. "माझंच वाचायचं चुकलं असेल," म्हणाले आणि मग तासभर गप्प.

मी त्यांना जिन्यात गाठलं. "काय आलं होतं हो?"

"लेकीच्या सासरचा जाच." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "मला लेकच नाही. दोन मुलगे आहेत."

"मग तिथे का नाही बोललात?"

"आठ जणांपुढे मीच खोटा ठरलो असतो."

त्या दिवशी आम्ही वहीत लिहिलं: एकट्या माणसाला विचारलं तर त्याला जे वाटतं ते कळतं. चारचौघांत विचारलं तर चारचौघं त्याला जेवढं बोलू देतात तेवढं कळतं. प्रत्यक्षात काय घडतं ते दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी तिथे जाऊन बूड टेकावं लागतं.

म्हणून आम्ही दर रविवारी गोदामात जाऊन बसायला लागलो. फाटक सगळ्यांना उघडं असतं. नुसतं बघायला येणारे मागे बसतात. ज्यांना पाटी हवी त्यांना फाटकातच नंबराचा पत्र्याचा बिल्ला मिळतो, तो छातीला लावून पुढच्या बाकांवर बसायचं. मी बिल्लेवाल्यांच्या लगेच मागच्या बाकाच्या एका टोकाला, चष्मिश दुसऱ्या टोकाला. जे दिसेल ते वहीत, अक्कल न पाजळता.

पहिला रविवार फुकट. दुसरा फुकट. तिसऱ्या रविवारी बाहेर पडताना मी वैतागून म्हटलं, "घसा सुकला माझा. एवढी पाणीवाली फिरते, मला तीन रविवारांत घोटभर पाणी दिलं नाही तिने."

चष्मिश थांबली. "मलाही नाही."

पाणीवाली म्हणजे हंडीसारखं पितळी भांडं कमरेवर घेऊन बाकाबाकावरून फिरणारी एक साधीसुधी, मायाळू बाई. आम्ही तिथेच रस्त्याच्या कडेला बसून दोन्ही वह्या उघडल्या. ती फक्त बिल्लेवाल्यांनाच पाणी देत होती! चष्मिशने आणखी एक नोंदवलं होतं: भांड्यात वीसेक पेले पाणी मावतं, पण पाणीवाली चार-पाच पेले झाले की पडद्यामागे भरायला जाते. पाणी संपलेलं नसतानाही जाते.

आणि मग आम्ही दोन वह्यांतलं तिचं बोलणं शेजारी शेजारी ठेवलं. हसावं की रडावं कळेना. त्या एका सकाळी पाणीवालीचा नवरा दोनदा वारला होता, एकदा जिन्यावरून पडला होता आणि दोनदा घर सोडून पळाला होता. तिला मूलबाळ नव्हतं, तीन लेकी होत्या आणि एकुलता एक मुलगा दारू पीत होता.

"मॅडम," चष्मिश म्हणाली, "ही कोणाला काही विचारत नाही. ही स्वतःचं दुःख सांगते!"

माझा हुशार प्रश्न माझ्याच तोंडावर आपटला. कोणी काही विचारलं का? नाही विचारलं! शेजारी एक दुःखी बाई टेकली, तिने आपलं सांगितलं, माणसाने उलट आपलं सांगितलं. याला कोण "विचारणं" म्हणेल? ते तर दोन घटका बोलणं झालं. बावीस जण खरं बोलले होते. चुकले होते मी, वीस वर्षं हेच शिकवणारी.

आता ऐकलेलं पडद्यामागून माईंपर्यंत कसं पोचतं? पाटीच्या लाकडी चौकटीवर नंबर असतो, बिल्ल्यावर असतो तोच. ती फडक्यातून येते. माई ती आपल्याकडे एक बाजू करून धरतात, मग हळूच पुसतात. लोकांना दिसते ती कोरी बाजू. माईंकडची बाजू कोणी बघितली होती?

चष्मिश म्हणाली, "आपण पाणीवालीला खोटंच दुःख सांगू या. तेच पाटीवर आलं की झालं."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "खोटं बोलून माणसांना अडकवायचं हा त्यांचा धंदा आहे, आपला नाही. आपण खरंच बोलायचं. फक्त नंतर बिल्ले बदलायचे."

काजवाली पटकन तयार झाली. तिचा नवरा जिन्यावरून पडून दोन महिने अंथरुणावर होता, तिलाही पाटी घ्यायचीच होती. "मला नाटकबिटक जमणार नाही हं," एवढंच म्हणाली.

ताईला मी म्हटलं, "रविवारी तू नेहमीसारखी जा. मला ओळख दाखवू नकोस. फक्त डोळे उघडे ठेव."

"बघू," ती म्हणाली.

चौथ्या रविवारी मी पहिल्यांदा बिल्ला घेतला. सव्वीस. काजवाली सत्तावीस. ताई पुढे, एकतीस. पाच मिनिटांत पाणीवाली माझ्या शेजारी येऊन टेकली. पेला दिला, पदराने कपाळ पुसलं, म्हणाली, "आपलंच माणूस समोर असून नसल्यासारखं झालं ना बाई, की जीव तुटतो." एवढंच. आणि माझ्याकडे न बघता गप्प बसली.

मला सगळं माहीत होतं. तरी तोंडातून शब्द निघालेच. मी तिला खरं सांगितलं, जे मी वर्षानुवर्षं कुणाशी बोलले नव्हते: आमच्या आईला शेवटी शेवटी माझं नावच आठवत नव्हतं. मला "बाई, तुम्ही कोण?" म्हणायची. पाणीवालीने माझा हात दाबला. "माझीही आई अशीच गेली गं." मला तिचा राग येत होता आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवावंसंही वाटत होतं. माझ्या एकाही विद्यार्थ्याला इतकी सुरेख मुलाखत घेता येत नाही.

मग ती काजवालीपाशी बसली. मग भांडं घेऊन उठली आणि पडद्यामागे गेली. आम्ही बिल्ले बदलले.

"सव्वीस!"

काजवाली चौथऱ्यावर गेली. माईंनी पाटी घेतली, बघितली, पुसली, लिहिली आणि सगळ्यांसमोर वर धरली. भोंग्याने वाचली, "शेवटच्या दिवसांत आईच्या ओठांवर तुझं नाव नव्हतं. आता ती वरून तुला नावानेच हाक मारते आहे!"

गोदामाने श्वास सोडला. काजवाली बावळटासारखी बघत राहिली. "माझी आई?" ती म्हणाली. "ती सकाळीच माझ्याशी कडाकडा भांडून बाजारात गेलीय."

मागच्या बाकांवरून खसखस पिकली. भोंगा डगमगला नाही. "आई म्हणजे जन्म देणारीच का? आई म्हणजे धरती! आई म्हणजे निसर्ग!"

मी ताईकडे बघत होते. ताईची पाठ ताठ झाली होती. आई जाताना उशाशी आम्ही दोघीच होतो.

"सत्तावीस!"

मी गेले. पाटी वर धरली गेली. "जिन्यावरून पडलेला तुझा पती सात रविवारांत उठून चालेल. दोन बाटल्या!"

"मला नवराच नाही," मी म्हटलं.

"होणारा! होणारा पती!"

"अहो, केस बघा माझे. आणि झालाच, तर त्याला आधीच कशाला पाडता जिन्यावरून?"

आता मात्र हशा फुटला. भोंगा किंचाळायला लागला, "श्रद्धेचा अपमान! नास्तिक बाई आहे ही! उतरवा तिला!" दोन धटिंगण माझ्याकडे निघाले. मी खाली उतरले नाही. माइक नव्हता, पण वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आहे मला. "मी आणि त्या बाईंनी नुसते बिल्ले बदलले!" मी ओरडले. "माझं दुःख तिच्या पाटीवर आलं आणि तिचं माझ्या! माई काळीज वाचतात की बिल्ला?"

आणि त्या गोंधळात ताई उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती सरळ पडद्यामागे गेली आणि फडक्यातली एक पाटी घेऊन चौथऱ्यावर आली. चौकटीवर लिहिलेलं होतं, एकतीस. माई पुढे झुकल्या. ताईने फडकं काढलं आणि पाटीची मागची बाजू वाचली. मग तिने भोंग्याच्या हातातला माइक ओढून घेतला आणि वाचून दाखवली. शब्द न् शब्द ऐकू आला.

"एकतीस. फिटवाली. बाळ, मुलगी, दोन तास. गोळी बंदच राहू दे. रडते फार. बाटल्या चार."

पुढच्या बाकांवरच्या माना पाटीकडे वळल्या.

"धरा तिला!" माई ओरडल्या.

अकरा वर्षांचं मौन असं दोन शब्दांत सुटलं. सगळ्यात आधी मागच्या बाकावर बघायला आलेले चालकसाहेब उठले आणि म्हणाले, "मला लेक नाहीच! मला दोन मुलगेच आहेत!" आणि मग जो तो आपापली पाटी सांगू लागला. धटिंगणांना कोणाला धरावं कळेना. पाणीवाली भांडं टाकून मागच्या दाराने पसार झाली.

सगळेच शहाणे झाले असं समजू नका. त्या दिवशीही बाहेर बाटल्या घेणारे होतेच. "काही असो, गुण येतो," म्हणत होते.

ताई माझ्याबरोबर घरी आली. स्वयंपाकघरात बसली, माझ्याकडे पाठ करून. मग म्हणाली, "आठवलं मला. ती म्हणाली होती, माझं पहिलं रडलंच नाही गं. मी म्हटलं, माझी लेक रडली. दोन तास रडली. आणि फिटची गोळी घ्यायची म्हणून अजून एक पेला मागितला. एवढंच बोलले बघ मी. आणि मला वाटलं, मी काही सांगितलंच नाही."

"ताई..."

"तिने विचारलं नव्हतं, बारके." ती वळली. "पण तूही कधी विचारलं नाहीस. बावीस वर्षांत एकानेही नाही. जगभरच्या माणसांना विचारत हिंडतेस तू. ती चोर बाई दोन घटका माझ्याजवळ बसली, म्हणून मी बोलले."

मी तिच्याजवळ फरशीवर बसले आणि म्हटलं, "आता विचारते. कशी होती?"

ताईने खूप वेळ सांगितलं. केस दाट होते म्हणाली. सांगून झाल्यावर ती उठली, फडताळातून डबी काढली आणि माझ्यासमोर गोळी घेतली. दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे जाऊन नवीन चिठ्ठी आणली.

चष्मिशचा प्रबंध आला तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, "पद्धतींची तुलना छान आहे. त्या माईंचं प्रकरण मात्र गाळा. लोक चिडतात, फोन येताहेत." आम्ही एक ओळही गाळली नाही. उलट शेवटी एक परिच्छेद वाढवला. मुलाखत, चर्चा, निरीक्षण, हे सगळं माईंकडेही होतं, आमच्याहून सफाईदार. फरक एवढाच, की मुलाखत घेताना आम्ही आधी सांगतो आम्ही कोण आणि कशाला विचारतोय. आम्ही तीन उत्तरं एकमेकांसमोर उभी करतो. लेक नसलेल्या चालकसाहेबांना आम्ही जिन्यात गाठून ऐकतो. भोंगा त्यांना गप्प बसवतो.

माईंनी आता दुसरीकडे गोदाम घेतलंय असं ऐकते. मला धमक्या येतात, येऊ देत. तुमच्या गल्लीतही कोणी न विचारता जाणणारा आला, तर त्याच्या पाया पडून आलेल्या माणसाला "तुला कोणी काही विचारलं का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नाहीच येईल. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "तू काय काय बोललास? कुणाशी? कुठल्या बाकावर?" आणि पाटी दिसली, की उलटी करून बघा. कोणी नास्तिक म्हणो, उद्धट म्हणो, उलटी करा.

ताई रविवारी त्या नव्या गोदामाच्या फाटकाबाहेर उभी असते. गेल्या रविवारी धटिंगणांनी तिला हुसकलं. ती दहा पावलं मागे सरली आणि तिथे उभी राहिली. छातीला तोच पत्र्याचा बिल्ला, एकतीस नंबरचा. हातात पाण्याचा तांब्या. रांगेतल्या प्रत्येकाला, बिल्ला असो नसो, ती पाणी देते.

"प्या," म्हणते, "आणि आत कुणाला काही सांगू नका. सांगायचंच असेल तर मला सांगा. मी लिहून घेत नाही."